पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड: सेमी-मेटॅलिक वापरून काही महिन्यांनी

माल भरून उतारावर चालणाऱ्या पिकअपला सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले, ब्रेक पॅडच बसवावेत, असं माझं मत झालंय. ते आवाज करतात, रिम काळी करतात, सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला सुस्त असतात. तरीही. सात-आठ महिने हा संच पुढच्या चाकांना आहे. पाऊस बघून झाला, कडक ऊन बघून झालं, आणि भरलेला हौदा घेऊन घाट उतरणं तर नेहमीचंच.

गाडी पुढे डिस्क आणि मागे ड्रमवाली. रिकामी 1,700 किलोच्या आसपास, भरली की 3 टनांच्या घरात. हे आधी सांगतोय कारण पॅडबद्दल जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुतेक कारवाल्यांचे असतात. कारमध्ये ड्रायव्हर एकटा असो की चौघं बसलेली असोत, एकूण वजनात फार फरक पडत नाही. पिकअपचं वजन पावणेदोन पटीवर जातं. त्यामुळे रिकाम्या गाडीवर ‘काय झक्कास ब्रेक लागतो!’ असं वाटायला लावणारा पॅड भरल्या गाडीवर कसा वागेल, ते त्यातून अजिबात कळत नाही.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. ताशी 80 किलोमीटरवरून 3 टनांची गाडी पूर्ण थांबवली, तर सुमारे 7.4 लाख ज्यूल उष्णता तयार होते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला येतो. एकदाच थांबायचं असेल तर कुठलाही बरा पॅड हे काम करतो. पण घाटात हिशेब बदलतो. 500 मीटर उंची एकाच वेगाने उतरताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती 80 वरून जवळपास 20 वेळा थांबण्याइतकी असते, आणि मधे डिस्क थंड व्हायला फारशी उसंत मिळत नाही. इंजिन खालच्या गेअरमध्ये ठेवलं की त्यातली बरीचशी ऊर्जा ते खातं, थोडी हवा खाते. उरलेली पॅडच्या माथी. म्हणून मी पॅड निवडताना एकच गोष्ट धरून चाललो: उताराच्या शेवटच्या वळणावर, सगळं तापलेलं असताना, पेडल दाबल्यावर काय होतं.

बाजारात तीन जाती दिसतात. ऑरगॅनिक मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्कला जपतात. पण तापले की पकड सोडतात आणि घासतातही लवकर. लोडच्या गाडीला ते नकोतच. सिरॅमिकचं नाव मोठं आहे आणि ते काही उगाच नाही. आवाज कमी, भुकटी फिकट रंगाची असल्याने रिमवर दिसत नाही, आयुष्य चांगलं. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाच्या साधारण 30 ते 65 टक्के धातू असतो, म्हणजे पोलादाचे तंतू, लोखंडाची पूड वगैरे. धातूमुळे पॅड उष्णता शोषून मागे सोडतो आणि जास्त तापमानातही पकड टिकवतो. त्याच धातूमुळे आवाज, काळी भुकटी आणि डिस्कची जास्त झीजही येते. अवजड वापरासाठी बनवलेले सिरॅमिक पॅडही मिळतात. ते मी वापरलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं साध्या सिरॅमिकशी तुलना करून आहे.

ती तुलना घरातच आहे. माझ्या भावाकडे याच मॉडेलची पिकअप आहे आणि तिला सिरॅमिक आहेत. त्याचं काम सपाट रस्त्यावरचं, बऱ्याचदा हौदा अर्धा रिकामा. त्याची गाडी चालवली की पहिल्या स्पर्शाला ब्रेक माझ्यापेक्षा गोड लागतो, हे कबूल. पण एकदा ती पूर्ण भरून आम्ही लांब उतार उतरलो तेव्हा खाली येईपर्यंत पेडल तेवढंच खाली जात होतं आणि गाडी मात्र कमी थांबत होती. पेडल मऊ पडलं नव्हतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं नव्हतं. पॅडच तापून पकड सोडत होते. दहा मिनिटं बाजूला उभी केल्यावर सगळं पूर्ववत. त्याच रस्त्यावर तितक्याच लोडला माझ्या गाडीचा तळाचा ब्रेक वरच्या ब्रेकपेक्षा उलट किंचित कडक लागतो. करपल्याचा वास येतो, तो येणारच.

आता खोक्यावर जाहिरात काय म्हणते ते सोडा आणि पॅडच्या काठावरचा छाप वाचा. तिथे बारीक अक्षरांत कंपनीचा आणि मिश्रणाचा कोड असतो आणि बहुधा पुढे दोन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी, जीएफ अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. आपल्याला महत्त्वाचं दुसरं अक्षर. ‘जीई’ असा पॅड थंड असताना जोरदार पकडेल आणि तापल्यावर दोन पायऱ्या खाली येईल. पिकअपला तो कशाला हवा? माझे एफएफ आहेत. मात्र या अक्षरांवर सगळा भार टाकू नका. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते. झीज, आवाज, आयुष्य यांबद्दल ती काहीच सांगत नाही. शेवटी ए, बी किंवा एन असं आणखी एक अक्षर दिसलं तर ते मिश्रणातल्या तांब्याच्या आणि इतर घातक घटकांच्या प्रमाणाबद्दल असतं. एन म्हणजे तांबं 0.5 टक्क्यापेक्षा कमी. त्याला ‘ग्रेड’ समजून जास्त चांगला पॅड म्हणून खपवणारे विक्रेते असतात, तिकडे लक्ष देऊ नका.

पॅडवर किंवा खोक्यावर गोलातल्या ई सोबत ‘90आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो बघण्यासारखा आहे. ती बदली पॅडसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम 90 ची खूण आहे. त्या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते आणि तेही प्रत्यक्ष त्या गाडीच्या ब्रेकवर तपासून. मूळ पॅडपेक्षा फार जास्त पकडणारा पॅडही चालत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुढची चाकं जास्त धरू लागली की पुढचा-मागचा तोल बिघडतो.

बसवताना पॅडइतकंच लक्ष त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींकडे द्यावं लागतं. जुने पॅड काढले तेव्हा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपांखाली गंजाचा जाड थर साचला होता. तो क्लिपेला वर उचलतो, खाच अरुंद होते आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसवलेला पॅड परत मागे सरकत नाही. तारेच्या ब्रशने आणि कानशीने गंज उतरवला, नव्या क्लिपा घातल्या, तेव्हा पॅड बोटाने पुढे-मागे सरकू लागला. तसाच सरकला पाहिजे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना बाहेर काढून पुसल्या आणि ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीस लावलं. इथे साधं ग्रीस लावणारे खूप आहेत. त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ओसंडलं तर रंग खातं, म्हणून आधी थोडं काढून ठेवा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिला ब्रेक लागतच नाही, पिस्टन लांब गेलेला असतो.

डिस्क मायक्रोमीटरने मोजली. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या बरीच वर निघाली. पातळ डिस्कला नवे पॅड घालण्यात अर्थ नाही. तिच्यात उष्णता साठवायला लोखंडच उरलेलं नसतं.

नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घेणं (बेडिंग) हा प्रकार लोक टाळतात आणि नंतर ‘डिस्क वाकली’ म्हणून ओरडतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचं मिश्रण तिच्यावर एकसारखं न बसता ठिपक्या-ठिपक्यांनी बसलेलं असतं किंवा जाडीत किंचित फरक पडलेला असतो, आणि तेच पेडलला थरथर म्हणून जाणवतं. मोकळ्या रस्त्यावर साधारण 50 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, अर्धा मिनिट गाडी पळू द्यायची, पुन्हा तेच, वीस-तीसदा. पूर्ण थांबायचं नाही. सगळं तापलेलं असताना ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. खोक्यातल्या कागदावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. त्यानंतरही पहिले काही दिवस मी पूर्ण लोड घेतला नाही.

रोजच्या वापराचं सांगायचं तर सकाळची सुस्ती खरी आहे. थंड सेमी-मेटॅलिकला पेडल जरा जास्त दाबावं लागतं. दोन-चार ब्रेकनंतर फरक जातो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी हलवली की टक् असा आवाज येतो, कारण पॅडमधलं लोखंड आणि डिस्क गंजाने एकमेकांना धरून बसलेली असतात. मग पहिली काही मीटर खरखर. मुसळधार पावसात लांब सरळ रस्त्यावरून जाताना अधूनमधून पेडल हलकं टेकवून डिस्क कोरडी करून घेतो, नाहीतर पहिला ब्रेक क्षणभर उशिरा लागतो. हे कुठल्याही पॅडला लागू आहे.

आवाजाचा मुख्य त्रास गाडी रिकामी असताना, थांबायच्या अगदी आधी. बारीक चीं. पॅडच्या पाठीच्या पातळ पत्र्याच्या शिम नीट बसवल्या आणि पाठीवर ग्रीसचा पातळ हात दिला, तेव्हा निम्मा गेला, निम्मा राहिला. तो मी ऐकून सोडून देतो. मात्र सतत येणारी, ब्रेक न दाबताही येणारी किंकाळी वेगळी: पॅडला लावलेली पत्र्याची जीभ डिस्कला टेकू लागली की ती येते, म्हणजे जेमतेम 2-3 मिलिमीटर पॅड उरलाय. भुकटीबद्दल काय लिहू? आठवड्यात रिम काळी होते, आणि ओली राहिली तर त्यातले लोखंडाचे कण गंजून तपकिरी डाग पडतात. अलॉय रिमवाल्यांनी हे मनाशी ठरवूनच घ्यावं.

झीज परवा मोजली. नवे असताना मिश्रण 11 मिलिमीटर होतं. आता बाहेरचे पॅड 8, आतले साडेसात. आत-बाहेर एवढा फरक चालतो. आतला बाहेरच्याच्या निम्म्यावर आला असता तर दोष पॅडचा नसून अडकलेल्या पिनेचा किंवा पिस्टनचा असता. तिरपा झिजला असता तरी तेच.

पुढचे पॅड लवकर संपतात म्हणून पॅड बदलत राहणाऱ्यांनी एकदा मागे वाकून बघावं. पुष्कळ पिकअपना मागच्या एक्सलजवळ लोडनुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने खाली बसली की त्याची दांडी हलते आणि मागे जास्त दाब जातो. तो गंजून जाम झाला, किंवा जास्त माल पेलावा म्हणून कुणी स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घेतले, तर गाडी भरूनही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सगळा भार पुढे येतो आणि मालक पॅडला शिव्या घालतो. पाटे वाढवले असतील तर व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्यावाच लागतो. मागच्या ड्रममधले लायनर घासले असतील किंवा त्यांचं अंतर जुळवणारा ॲडजस्टर अडकला असेल, तर पेडलही लांब जातं.

ब्रेक ऑइलही याच कामात बदललं. सेमी-मेटॅलिक उष्णता पिस्टनकडे जास्त सोडतो, त्यामुळे ऑइल जुनं ठेवून चालत नाही. ते हवेतली ओल शोषतं आणि उकळबिंदू खाली येतो: डॉट 3 या प्रतीच्या ऑइलचा ताजा असताना किमान 205 अंश, ओल शोषल्यावर 140, डॉट 4 चा 230 आणि 155. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच घाला आणि साधारण दोन वर्षांनी बदला. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही.

सपाट रस्ता, हलका माल, चकचकीत रिमची आवड असं असेल तर भावासारखे सिरॅमिक घ्या, पस्तावणार नाही. माझ्या गाडीला 3-4 मिलिमीटर उरले की पुन्हा हेच, एफएफ छापाचे, नव्या क्लिपांसकट. डिस्क तेव्हा परत मोजेन. पॅडच्या कडेला बोटाला लागेल असा ओठ तिच्यावर आत्ताच तयार होऊ लागलाय, त्यामुळे त्या वेळी कदाचित तीही बदलावी लागेल.