जळगावचा ग्रीक-लॅटिन मेडिकल शब्दांचा क्लास: सर झकास, नोट्स भंगार

पाचोऱ्याहून दर रविवारी गाडी पकडून जळगावला जात होतो, 4 रविवार, फी 1500. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे अन ते लांबलचक शब्द घोकून घोकून डोकं उठलेलं म्हणून गेलो. क्लासचं नाव लिहीत नाही, पुढे थोडं वाईट पण लिहायचंय.

पहिल्या रविवारी सरांनी दोन तास एकाच शब्दावर घालवले. गोनू, म्हणजे ग्रीकमध्ये गुडघा. म्हटलं गेले पैसे पाण्यात. पण सर म्हणे संस्कृतातला जानु आठवा, आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो, तर गोनू आणि जानु हे सख्खे भाऊ, दोघंही नपुंसकलिंगी. शेजारचा धुळ्याचा पोरगा हळूच म्हणे, "हाऊ ते आपलाच शब्द शे भो!"

मग रूपं. नुसता गुडघा असला तर गोनू, पण गुडघ्याचा म्हणायचं तर गोनतोस, अनेक गुडघे म्हणजे गोनता, हा 'त' मधेच कुठून घुसतो कळत नाही, पण दोरू म्हणजे लाकूड किंवा भाला, त्याचं पण दोरतोसच होतं, आणि त्याचा संस्कृत भाऊ दारु (बाटलीतली नाही हो, देवदारातला). आजचे ग्रीक लोक तर सरळ गोनतो म्हणतात, 'त' कायमचा चिकटला. वर अजून एक, जुन्या ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनाला क्रियापद सहसा एकवचनी, म्हणजे जवळपास 'गुडघे दुखतंय'! आमच्या मास्तरांनी यावर छडी मारली असती.

इलियड या जुन्या ग्रीक महाकाव्यातली थेटिस देवी देवांचा राजा झ्यूस याचे गुडघे धरून पोरासाठी गाऱ्हाणं घालते हे पण सांगितलं. आपण पाय धरतो, ते गुडघे धरायचे, अन गयावया करण्याचं त्यांचं एक क्रियापदच गुडघ्यावरून बनलंय. हे ऐकल्यापासून गोनार्थ्रोसिस, म्हणजे आज्जीच्या गुडघ्यांची झीज, पाठ करावं लागलं नाही.

आता नोट्स. 200 रुपये वेगळे घेतात, झेरॉक्स इतकी फिकट की उन्हात धरून वाचा, आणि पान 6 वर गुडघ्याच्या यादीत चक्क गोनोरिया (हा गुप्तरोग!) छापलाय!! अरे बाबा तो गोने म्हणजे बीज, वीर्य, त्यावरून आला, गोनॅड म्हणजे जननग्रंथी, तो शब्द पण तिकडचाच, गुडघ्याचा काय संबंध. व्हायव्हात कोणी हे बोललं तर बाहेरच काढतील. शिवाय शब्दाचं नुसतं पहिलं रूप दिलंय, गोनतोस कुठेच नाही, म्हणजे सर जे दोन तास घसा कोरडा करून सांगतात तेच गायब. सरांना दाखवलं तर म्हणाले नोट्स ऑफिसवाले छापतात.

क्लासला 5 पैकी 4, नोट्सला 1. वही घेऊन जा, पुढच्या बाकावर बसा, मागे पंखा इतका वाजतो की गोनू आणि गोने सारखंच ऐकू येतं.