सोलापूरहून ६६ नंबर: हातखंब्याला गाठायचा की अंकोल्याला?

सुट्ट्या जवळ आल्या की फोन सुरू होतात, "गाडीनं समुद्र करायचाय, कुठनं जावं?" विचारणाऱ्याच्या डोक्यात मुंबई-गोवा महामार्ग असतो. त्यासाठी आधी पुणे, मग पनवेल, अशी उलटी वरात काढायची त्याची तयारीही असते. काही गरज नाही. मुंबई-गोवा हा ज्याचा तुकडा, तो पनवेल ते कन्याकुमारी ६६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग सोळाशे किलोमीटरच्या वर आहे, सगळा कुणाला करायचाय? सोलापूरकरानं त्यात मधेच शिरावं. शिरायला दोन दारं आहेत: पश्चिमेला रत्नागिरीजवळ हातखंबा आणि दक्षिणेकडे कर्नाटकात अंकोला.

पहिली वाट मंगळवेढा, सांगोला, सांगली, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, नाणीज अशी. रत्नागिरीत याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात, कारण तो मिऱ्या बंदरापासून सुरू होतो. अंतर साडेतीनशेच्या आसपास. दुसरी वाट ५२ नंबरची. तुळजापूरकडून येणारा हा रस्ता सोलापुरातून विजापूर, हुबळी, यल्लापूर करत अंकोल्यात संपतो, आणि संपतो तो थेट ६६ वरच. साधारण सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. जुने ड्रायव्हर अजून विजापूर रोडला '१३ नंबर' म्हणतात, त्यात चूक नाही. जुना १३ सोलापुरातून निघून चित्रदुर्ग, शिमोग्यावरून मंगळूरला पोचायचा. म्हणजे किनाऱ्याशी आपलं नातं जुनंच आहे.

६६ ची गोष्टही अशीच, नंबर बदललेल्या रस्त्याची. आधी हा १७ होता, पनवेलपासून कोचीजवळच्या इडापल्लीपर्यंत. २०१० मध्ये देशभर नवे नंबर आले तेव्हा इडापल्ली ते कन्याकुमारी हा जुन्या ४७ चा तुकडा त्याला जोडला. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला ६६. पूर्व-पश्चिम रस्ते विषम, म्हणून आपला पुणे-हैदराबाद ६५. तो पुढं मछलीपट्टणला बंगालच्या उपसागराशी जातो, पण तो विषय वेगळा.

आता मुद्द्याचं. किनाऱ्याचा रस्ता म्हणून निघालेल्यांची महाराष्ट्रात फसगत होते. पनवेल ते बांदा या पट्ट्यात ६६ वरून समुद्र दिसत नाही. सह्याद्री आणि खाड्यांच्या मधून तो जातो. महाड, चिपळूण, लांजा, राजापूर, कणकवली, सगळी गावं आतली. समुद्राला चिकटून जायचं तर रेवस-रेडी सागरी मार्ग वेगळा. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून त्याची चर्चा आहे, पण खाड्यांवर पूल नाहीत तिथं गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढवावी लागते: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मुलांना यातच सगळ्यात मजा येते, हे मात्र खरं.

कर्नाटकात तसं नाही. कारवारला गाडी चालवता चालवता डाव्या-उजव्या हाताला पाणी येतं. आणि कुंदापूरच्या अलीकडं मरवंते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून आपली गाडी. आमच्या आत्यानं तिथं काच खाली केली आणि मांडीवरचा शेंगाचटणीचा डबा तसाच उघडा ठेवून पाच मिनिटं नुसती बघत बसली. चटणीत वाळू गेली ती गेलीच.

याच आत्याला आंबा घाटानं छळलं होतं. आम्ही सोलापुरातून उशिरा निघालो, घाटात अंधार पडला, वर धुकं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे एवढंच दिसत होतं. गाडी लागणाऱ्यांना लिंबू द्या, पण मुख्य म्हणजे पहाटे पाचला निघा आणि घाट उजेडात उतरा. अंकोल्याच्या वाटेवर अरबैल घाट आहे, पण तो दाट जंगलातून उतरतो आणि मला तरी सोपा वाटला. त्रास ट्रकांचा. विजापूरपर्यंत चौपदरी सुख, पुढं बरंचसं दुपदरी, ओव्हरटेकला संयम हवा.

रस्त्याची अवस्था हवी असेल तर: हातखंबा ते लांजा या पट्ट्यात चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. खारेपाटणच्या पुढं झारापपर्यंत काँक्रीट सुरेख. अंकोल्याच्या दक्षिणेला बहुतेक चौपदरी.

पावसाळ्यात मात्र दोन्ही दारं विचार करून उघडावीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला दरड थेट महामार्गावर आली, चहाची टपरीसुद्धा गेली. त्याच वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. जून ते सप्टेंबर मी तिकडं फिरकत नाही.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरकराला कन्नडचं काय भय? घरात नाही तर शेजारी असतेच. किनाऱ्यावरची कन्नड आपल्या कानाला थोडी वेगळी लागते, शिवाय कोकणीही चालते. जाता जाता एक: १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात अंकोला पेटलं होतं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ होता. चार हुतात्म्यांच्या गावातला माणूस तिथं उपरा ठरत नाही. मे महिन्यात गेलात तर तिथला करी इशाड आंबा मिळतो का बघा.

तीन दिवस आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हातखंबा: गणपतीपुळे, पावस, मालवणी जेवण, परत. चार-पाच दिवस असतील आणि रस्त्यातून समुद्र बघायचा असेल तर डोळे झाकून अंकोला: गोकर्ण, मुर्डेश्वर, मरवंते, उडुपी. आठवडा असेल तर हातखंब्याला शिरा, गोव्यातून खाली या, जुवारीचा नवा पूल बघा आणि अंकोल्यातून ५२ धरून घरी या. सगळं मिळून अकरा-बाराशे किलोमीटर होतील. येताना हुबळीला पेढा घ्यायचा, तो धारवाडचा आहे का ते विचारून.