होर्ताला एक दिवस सुट्टी: पिको की कापेलिन्योस?

अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या होर्ता बंदराला शिडाचं जहाज लागलं की त्यावरच्या विद्यार्थ्यांना समोरच्या बेटावरचा पिको हा ज्वालामुखी डोंगर खुणावतो. उंची २३५१ मीटर. फेरीबोटीने त्या बेटावरचं मादालेना बंदर अर्धा तास, मग टॅक्सीने सुमारे १२०० मीटरपर्यंत. तिथे नोंदणी सक्तीची. चढ-उतार सात-आठ तासांचा. खरी परीक्षा उतरताना: आठवडेच्या आठवडे डेकवर काढलेल्या पोटऱ्या सुट्या लाव्ह्यावर लटपटतात, डेकचे बूट घसरतात. घोट्यापर्यंतचे बूट नसतील किंवा माथ्यावर ढग असतील, तर जाऊच नका. शेवटची फेरीबोट चुकली की रात्रीचा वॉच (जहाजावरची कामाची पाळी) बुडाला.

होर्ताच्याच बेटावरच्या कापेलिन्योस ज्वालामुखीला टॅक्सीने अर्धा दिवस पुरतो. १९५७-५८च्या उद्रेकात राखेत अर्धवट गाडलं गेलेलं दीपगृह बघाच. वाऱ्याने राख उडते, चष्मा न्या. उरलेल्या वेळात कपडे धुवा, धक्क्यावर जहाजाचं चित्र रंगवा. संध्याकाळी वॉच असेल तर हेच बरं.