नवे म्हणून रंगवलेले जुने शॉकअप बसवले : खान्देशातल्या गाडीवाल्यांनो, सावध व्हा

79,200 रुपये गॅरेजवाल्याने घेतले. त्याने केलेलं काम उलटवून गाडी जागेवर आणायला 27,650 लागले. एकूण 1,06,850. आकडे मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण तो सगळ्यांना सांगत फिरतोय की मी पाच-दहा हजारांसाठी त्याची बदनामी करतोय.

गाडी जुनी थार, 2017 ची. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा, मागे स्प्रिंगचे पाटे. आमची केळीची बाग यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला आहे. शेवटचा रस्ता नाल्यातून जातो आणि पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. चाकांचे झटके खाणारे मूळ शॉकअप गळत होते, मागचे पाटे बसले होते. "कशाला मॉडिफाय करायला गेला?" असं विचारणाऱ्यांनी हे आधी वाचावं. काम गरजेचं होतं, हौसेचं नव्हतं.

गॅरेज शहरात, बोर्ड मोठा, दारात जीप रांगेने उभ्या. मालक म्हणाला, "भाऊ, बाहेरच्या देशातला किट आहे, गॅसवाले शॉकअप. दोन इंच उचलून देतो, पाल घाटात गादीवर बसल्यासारखं वाटेल." भाव 68,500. वीस हजार यूपीआयने दिले, 48,500 रोख. रोख त्यानेच मागितले, "जीएसटी वाचेल तुमचा" म्हणून. कोणाकडूनही हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा आणि निघा.

आता तो क्षण. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. मी वाकून मागच्या शॉकअपला हात लावला तर बोटं काळी झाली. ओला रंग, थिनरचा वास. पोराने लगेच सुताचा बोळा आणून माझा हात पुसला आणि मालक म्हणाला, "गंज धरू नये म्हणून कंपनीतूनच कोटिंग येतं." खोके मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. माझे जुने शॉकअप मागितले तर तेही त्यालाच दिले म्हणे. सकाळी सुरू झालेलं काम, आणि संध्याकाळपर्यंत भंगारवाला येऊनही गेला! तो वास अजून माझ्या नाकात आहे. सगळं तिथेच समोर होतं. पण मला सांगा, चार माणसांसमोर, दारात इतकी गिऱ्हाइकं उभी असताना, तीस वर्षांचा धंदा सांगणाऱ्या माणसाला कोण खोटं म्हणणार? मी केळी पिकवतो. घडाकडे बघून वजन सांगेन, शॉकअपचं पोट मला कसं कळणार? विश्वास ठेवणाऱ्याचा यात काय दोष?

गावापर्यंत येतानाच कळलं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचे खड्डे आपल्याला नवे नाहीत, पण आता प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. आईला मनुदेवीला नेलं तर आडगावच्या पुढे ती कंबर धरूनच बसली. परत येताना तिला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवावं लागलं. मग गॅरेजची उत्तरं सुरू झाली. आधी "भाऊ, किट सेट व्हायला दोन हजार किलोमीटर लागतात." मग "बुश खराब झाले" म्हणून 7,200. बुश म्हणजे सांध्यांतली रबरं. मग "डॅम्पर सेटिंग", म्हणजे शॉकअपचंच सेटिंग, म्हणून 3,500. त्या शॉकअपला फिरवायची खुंटीच नाही, सेटिंग कशाचं केलं? वर चाकात हवा 40 पर्यंत भरून दिली, त्याने गाडी अजून उडायला लागली. नवे पाटे थोडे कडक वाटतात आणि चालून चालून जरा मोकळे होतात, हे खरं. पण आपटण्याचा आवाज चालवून जात नाही. जो कोणी "चालवा, सेट होईल" म्हणेल, तो तुमच्या हातून दिवस काढून घेतोय.

शेवटी धुळ्याकडच्या एका म्हाताऱ्या फिटरने गाडी उघडली. स्क्रू ड्रायव्हरने शॉकअपचा काळा रंग खरवडला, खालून पिवळा निघाला, त्याखाली दुसऱ्याच गाडीचा पार्ट नंबर. "भाऊ, हाई नवं नई शे, रंगाडेल शे," एवढंच बोलला. मग शॉकअप जमिनीवर उभा धरून दांडा दाबला. गॅसचा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप वर येतो. हा दाबला तिथेच बसला, आणि मधे बोटभर तर काहीच अडत नव्हतं.

बाकीचं ऐका, कारण कडक गाडीचं कारण नेहमी एकच नसतं. शॉकअप लांबीला कमी होते, त्यामुळे उंच केलेल्या गाडीत दांडा आधीच जवळजवळ पूर्ण बाहेर. चाक खड्ड्यात उतरलं की झटका सरळ चेसीला. मागे किट नव्हताच, मालवाहू पिकअपचा एक जाड पाटा मधे घातलेला. रिकाम्या गाडीला तो वाकतच नाही. पुढे तर टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी वर उचललेली, बस. त्याने उंची दिसते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. आणि सगळे बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळलेले. असं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, चाल कडक होते आणि बुश लवकर फाटतो. माझे 7,200 चे बुश म्हणूनच फाटले. फिटरने बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उतरवली, दाबून हलवली आणि मग आवळले. जाड पाटा काढला, टॉर्शन बार मूळ उंचीवर आणला, मूळ मापाचे नवे शॉकअप माझ्यासमोर खोक्यातून काढले, अलाइनमेंट केलं, हवा गाडीच्या पुस्तकात आहे तेवढी. आता आई पुढच्या सीटवर बसते.

यानंतरचा राग मोठा आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला आहे". बिल दाखवलं तर "यावर शॉकअपचं नाव कुठंय?" बिलावर फक्त "सस्पेन्शन काम" लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. अहो, बिलावर नाव नाही हीच तर फसवणूक! साहेब जेवायला गेले, साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. दुसऱ्या एका कार्यालयात तर मलाच दम दिला की गाडीत बदल केला म्हणून कारवाई तुमच्यावरच होईल. म्हणजे पैसे माझे गेले, कंबर माझ्या आईची गेली आणि गुन्हेगारही मीच? तो माणूस आजही दारात जीप उभ्या करून बसलाय आणि कोणी त्याला एक खोका उघडून दाखव म्हणत नाही. हेलपाटे घालून माणूस थकावा, एवढंच यांना हवं असतं. मी थकणार नाही.

जे मला कोणीच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. ठाण्यात नोंद घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

काम सुरू होण्याआधी खोका तुमच्यासमोर फोडायला लावा, पार्ट नंबरचा फोटो काढा, जुने पार्ट गाडीत टाकून घरी आणा. माझे चारही रंगवलेले शॉकअप मी जपून ठेवलेत, फिटरचं लेखी मत आणि यूपीआयची नोंद सोबत लावून तक्रार तयार आहे. याच पद्धतीने गंडवलेले आपल्या भागात आणखी असणार. त्यांनी आधी शॉकअपवरचा रंग खरवडून बघावा, आणि खाली दुसरा रंग निघाला तर काही काढण्याआधी व्हिडिओ करून ठेवावा.