रबराखालची तार

निपाणीजवळच्या आमच्या गावात माझी सात वर्षांची घोडी आहे. अलीकडे रपेटीच्या वेळी लगाम जरा ओढला तरी ती डोके झटकून मान वर करू लागली होती, म्हणून जुना साधा, मधे सांधा असलेला लगाम बदलावा असे माझ्या मनाने घेतले. माघात चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेला तिला टेम्पोतून सोबत नेले असताना घोड्यांचे सामान मांडून बसलेल्या एका विक्रेत्याने माझी अडचण ऐकून घेतली आणि तोंडातल्या सळईवर काळे रबर चढवलेले एक बिट, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा भाग, पुढे केले. "मालक, आत स्टेनलेस स्टील, वर रबर. जनावराला लोण्यागत लागतंय बघा," असे म्हणून त्याने ते स्वतः घोडीच्या तोंडात घातले आणि दोन फेऱ्या मारून दाखवल्या. घोडी मान खाली घालून निमूट चालली. मी 3,800 रुपये मोजले आणि 'लगाम सामान' एवढेच लिहिलेली कच्ची पावती खिशात घातली.

मी फसलो तो त्या दोन फेऱ्यांनी. घोडे सुखावले म्हणून गप्प होते, तसेच ते दुखते म्हणूनही गप्प होते, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

पंधरवड्यात घोडीने रबर एका जागी चावून उसवले. धुताना तिथे बोट फिरवले, तर खाली गुळगुळीत सळई नव्हतीच. दोन तारांना पीळ देऊन केलेला करवतीसारखा दांडा होता, त्यावरची चकाकी सोलून आत गंज धरला होता आणि जोडाच्या वेल्डिंगचा कंगोरा नखाला लागत होता. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या ज्या मोकळ्या हिरडीवर लगाम टेकतो, तिथे हाडावर जेमतेम पातळ कातडे असते. घोडीच्या त्या जागी दोन्हीकडे लाल वळ उठले होते. पशुवैद्यांनी दाढा तपासल्या, तेव्हा त्यांच्या धारदार कडा गालाला टोचत असल्याचे निघाले. म्हणजे मूळ दुखणे दाढांचे होते, आणि मी खर्च केला लगामावर! दाढा कानशीने घासून घेतल्या.

विक्रेता फोनवर म्हणाला, "रबर खाल्लं ही तुमच्या घोडीची खोड." पुढे आवाज चढवून, आपण कोल्हापूरकडचे आहोत, कर्नाटकातली तक्रार आपल्याला लागू होत नाही, असेही त्याने ऐकवले. सीमाभागात ही सबब नेहमीची आहे, पण ती खोटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि प्राथमिक सल्ला 1915 या क्रमांकावर मिळतो. शिवाय जनावराला इजा करणारा काटेरी वा टोकदार लगाम वापरण्यास ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनीच मनाई आहे. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे त्या कच्च्या पावतीपेक्षा बँकेची नोंदच माझ्या तक्रारीत अधिक उपयोगी पडली.

लगाम घेणाऱ्याने आधी घोड्याचे दात तपासून घ्यावेत, तोंडातून दोरी घालून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करावी आणि त्या मापाहून प्रत्येक बाजूला साधारण पाव इंच सैल बिट निवडावे. माझ्या घोडीला पाच इंची लागते. पाच म्हणून दिलेले ते बिट टेपने मोजल्यावर साडेचार भरले. रबर किंवा चामडे चढवलेले असेल, तर ते विक्रेत्याच्या समोर उसवून दाखवायला सांगावे, आणि तो कां-कूं करू लागला तर तिथून उठावे.

आता जुनाच लगाम पुन्हा घातला आहे. दाढांचा त्रास गेल्यापासून घोडी डोके झटकत नाही. मात्र बिट तोंडाजवळ नेले की ती अजूनही ओठ घट्ट मिटून घेते.