पट्टी कापली, पण दांडा हललाच नाही

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढं वाचायचं की हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ६८,५०० रुपये. गाडीचे धक्के शोषणाऱ्या चार शॉकअपचे, नकली निघालेल्या. त्यातले दोन आमच्या कॉटखाली पोत्यात आहेत, एक गॅरेजवाल्यानं ग्राइंडरनं उभा चिरलाय आणि चौथा वकिलांच्या टेबलाखाली आहे. परवा गेलो तेव्हा त्यांचा कारकून त्यावर पाय ठेवून चहा पीत होता.

गाडी फोर्ड एन्डेव्हर, दोन टनांच्या वरचं धूड. राहायला साताऱ्यात, पण बामणोलीच्या अलीकडं आमचा लहानसा होमस्टे आहे. कासचा हंगाम सुरू झाला की आठवड्याला तीन-चार फेऱ्या. यवतेश्वरचा घाट, पुढं कास, आणि शेवटचा तीन किलोमीटरचा तुकडा नुसत्या दगडांचा. गाडीत सहा माणसं, वर पाण्याचे जार, सिलिंडर, गाद्या. सव्वा लाख किलोमीटरनंतर मूळचे शॉकअप मेले. स्पीडब्रेकर ओलांडला की मागची बाजू होडीसारखी तीनदा-चारदा डुलायची. पाहुण्यांच्या पोरी उलट्या करायच्या.

'कंपनीचेच का नाही घेतले?' हा प्रश्न मला आतापर्यंत निदान वीस जणांनी विचारलाय. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पार्ट मिळतात, पण वाट बघावी लागते, आणि माझ्या रस्त्याला, माझ्या वजनाला मूळच्यापेक्षा दणकट शॉकअप लागणार होते. गाडी उंच करायची हौस नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, पुढं पोलिसांच्या वेळी लागेल.

आणि मी अडाणी नव्हतो. तीन महिने वाचत होतो. ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी, बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी काम चालतं, पण तेल तापून फेसाळलं की शॉकअप ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, म्हणून फेस होत नाही, उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र नळीला पोचा आला की पिस्टन अडकतो. तिसरा प्रकार फोम सेल, म्हणजे मोकळ्या गॅसऐवजी आत फोम. लांब उतार, भरलेली गाडी, सतत खड्डे, म्हणून मी मोनोट्यूब ठरवले. पुण्याच्या अधिकृत विक्रेत्यानं चारींचे १,१२,००० सांगितले. हा आकडा लक्षात ठेवा.

मग एका ग्रुपवर तो विक्रेता भेटला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. 'दादा, दुबईचा स्टॉक आहे, शेवटचे दोनच सेट.' व्हिडिओ कॉलवर खोक्यांची थप्पी, मागं भिंतीला टांगलेले टायर, खांद्यावर फडकं टाकलेला पोरगा. माझ्या प्रश्नांना इतकी बरोबर उत्तरं की मीच खूश. किती वजन नेता, रस्ता कसला, वर कॅरियर आहे का, सगळं त्यानंच विचारलं. माल विकणारा माणूस आपल्याला उलट प्रश्न विचारतो तेव्हा आपल्याला तो जाणकार वाटतो, हे मला आता कळतंय. ६ फेब्रुवारीला २०,००० पाठवले, ११ तारखेला ४८,५००. दुसऱ्या वेळी यूपीआयवर वेगळंच नाव आलं. 'मेव्हण्याचं खातं आहे दादा, आपल्या करंट अकाउंटची लिमिट संपली.' बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, 'अहो, मेव्हण्याला कशाला?' मी तिला म्हणालो, धंद्यात असं चालतं. दुकानाचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, मेव्हणा असो की सासरा.

ट्रान्सपोर्टचे १,८५० आमच्याकडंच. १७ तारखेला एमआयडीसीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला गेलो.

आता तो क्षण. हा मी रोज रात्री एकदा तरी बघतो.

मोनोट्यूब शॉकअप येतो तो दांडा आत दाबून, वर पट्टी आवळून. पट्टी कापली की आतला गॅस दांडा बाहेर ढकलतो, एका दमात, सरळ. मिस्त्रीला हे माहीत होतं. त्यानं मागचा शॉकअप व्हाइसमध्ये धरला, मला हातानं मागं सारलं, 'दादा, तोंड लांब ठेवा,' आणि कटर चालवला. पट्टी टक् करून तुटली. आम्ही दोघं बघत उभे. दांडा जागचा हलला नाही. दोन सेकंद, पाच सेकंद. मिस्त्रीनं दांड्याला बोट लावलं, मग मुठीत धरून ओढला. आला बाहेर, लोण्यातून सुरी यावी तसा. सोडला, तिथंच राहिला.

'दादा, ह्यात ग्यास न्हाई.'

आणि मी काय म्हणालो? 'फोम सेल असेल. फोम सेलला जोर नसतो.'

तीन महिन्यांचं वाचन मी असं वापरलं. मागवला होता मोनोट्यूब, खोक्यावर नायट्रोजन छापलेलं, आणि मी मिस्त्रीला फोम सेल शिकवत होतो. बरं, फोम सेल असता तर त्याला पट्टी कशाला बांधली असती? ज्याला जोरच नाही त्याला आवळून ठेवायचं कारण काय? मिस्त्रीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक शहाणपणा करायला लागलं की मिस्त्री पान्हा उचलतो. दुसरी पट्टी कापली तेव्हा तेच झालं आणि या वेळी मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं. पैसे जाऊन सहा दिवस झाले होते, एवढंच.

खोकंही बोलत होतं. आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. इथं नुसता रंगीत पुठ्ठा. चारही नगांवर सिरियल नंबर एकच. एक नंबर, चार शॉकअप, आणि मी फोटो काढताना चारही नीट रांगेत लावले होते. हे सगळं नंतर दिसलं. दांड्याची जाडी १८ मिमी सांगितली होती, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर साडेबारा. व्हर्नियर गॅरेजच्या भिंतीवर, माझ्या डोक्यापासून दोन हातांवर लटकत होता.

फिटिंगचे ४,२००, अलाइनमेंटचे १,४००. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी कासला नेली, छान वाटली. रंग दिलेलं मढंही पहिल्या दिवशी छान वाटतं. गाडीचा फोटो काढून त्याला पाठवला, वर लिहिलं, 'एकदम मस्त, धन्यवाद भाऊ.' हे लिहिताना आताही कान तापतात.

बरोबर तेविसाव्या दिवशी, १२ मार्चला, यवतेश्वरच्या घाटात उतरताना मागून खटाखट आवाज. गाडीत चार पाहुणे, त्यात एक आजी. मागच्या डाव्या शॉकअपचा खालचा डोळा, म्हणजे गाडीला जोडणारी कडी, वेल्डिंगमधून सुटला होता आणि नळकांडं लोंबकळत टायरच्या आतल्या बाजूला घासत होतं. टायर फाटायचा बाकी होता. क्रेनचे ३,५००. मागचे टायर जोडीनं बदलले, १५,८०० चा एक, म्हणजे ३१,६००. सगळं मिळून १,११,०५०. पुण्याच्या खऱ्या मालापेक्षा नऊशे पन्नास रुपये कमी. एवढी माझी बचत. आणि गाडीला शॉकअप नाहीतच. मिस्त्रीनं जुने काढलेले कंप्रेसरच्या मागं ठेवले होते, तेच परत बसवले, पैसे घेतले नाहीत. जुने कधी भंगारात देऊ नका.

त्यानंच तिसरा नग चिरला. थिनरचं फडकं मारलं तर निळ्या रंगाखाली पिवळा. आत नळीत नळी, म्हणजे साधा ट्विन ट्यूब, वापरून फेकलेला, काळं तेल भरून पुन्हा झाळलेला.

आता सरकार दरबारी. ठाण्यात गेलो. 'माल मिळाला का?' मिळाला, पण नकली. 'मिळाला ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.' दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या वेळी साहेब होते, त्यांनी मलाच विचारलं, 'गाडीत बदल करायच्या आधी आरटीओला कळवलं होतं का?' गाडीची उंची अर्धा इंच वाढलेली नाही, शॉकअपच्या जागी शॉकअप लावलाय, हे मी उभ्यानं वीस मिनिटं समजावत होतो. चोर तिकडं थंडगार बसलाय आणि खुलासा मी देतोय. मग ऐकवलं की ब्रँड नकली असेल तर ट्रेडमार्कचा विषय, त्यात झडती-जप्तीला डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो. ते खरं आहे, वकिलांनीही सांगितलं. पण मी छापा घाला म्हणतच नव्हतो, मी फसवणुकीची तक्रार घ्या म्हणत होतो. पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. चौथ्या वेळी, 'पैसे ज्या शहरात गेले तिथं जा.' तिथं फोन केला, ते म्हणाले, 'तुमच्या गावात द्या.' बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणं हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही, हे कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा पाचव्या फेरीत अर्जावर शिक्का मिळाला. नुसता शिक्का, गुन्हा नाही. बँकेत गेलो तर 'पिन तुम्हीच टाकलात.' हेल्पलाइनवरच्या मुलीकडं म्हणे नकली वस्तूचा रकानाच नव्हता. प्रत्येक टेबलावर मला असंच वाटत होतं की एन्डेव्हर घेऊन फिरणाऱ्याचे अडुसष्ट हजार गेले याचा समोरच्याला थोडा आनंदच झालाय. तोंडी तक्रारीवर विसंबू नका, दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या.

ग्राहक आयोगाचा रस्ता त्यातल्या त्यात बरा. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथंही मी माती खाल्लीय. बिल होमस्टेच्या नावानं मागितलं होतं, का तर हिशेबाला बरं. आता समोरचा म्हणेल, ही धंद्यासाठीची खरेदी, हे ग्राहकच नव्हेत. वकील म्हणतात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेल्या खरेदीला कायद्यात सवलत आहे, बघू. आणि बिल बघता बघता त्यांनी पेनाच्या टोकानं जीएसटी नंबर मोजला. पंधरा अक्षरं असतात. चौदा होती. मी ते बिल लॅमिनेट करून ठेवलं होतं.

हे सगळं गिळून गप्प बसणार होतो. पण परवा कराडहून एकाचा फोन आला, ओळखीतून नंबर काढून. त्याच्या गाडीला तसलेच शॉकअप घ्यायचेत, विक्रेत्यानं पुरावा म्हणून साताऱ्याच्या एका समाधानी गिऱ्हाइकाचा फोटो पाठवलाय. मला फोटो पुढं पाठवला. कासचं पठार, पांढरी एन्डेव्हर, नंबर प्लेटवर काळा पट्टा, खाली 'एकदम मस्त, धन्यवाद भाऊ'. तुमच्याकडं तो फोटो आला असेल तर ती गाडी माझी आहे. मागच्या काचेवर डावीकडं होमस्टेचं अर्धं सोललेलं स्टिकर दिसेल.