हवेची बबल गादी : घेण्याआधी दुकानात पंधरा मिनिटं थांबा

ठाणे-वाशीकडे पॅरॅलिसिसचा रुग्ण घरी आणायचं ठरलं, की सर्जिकल दुकानातून आधी येते ती हवेची बबल गादी. वस्तू कामाची आहे. पण बऱ्याच घरांत ती चुकीची अंथरलेली असते आणि माकडहाडाला जखम झाली की बोल गादीला लागतो.

पातळ रेक्झिनसारखं अंथरूण, त्यावर शंभरेक फुगे, दोन नळ्या आणि पलंगाच्या पायथ्याला अडकवायचा छोटा पंप, एवढाच हा मामला. फुग्यांचे दोन गट असतात. एक फुगतो तेव्हा दुसरा सैल पडतो आणि साधारण 10-12 मिनिटांनी अदलाबदल होते. त्यामुळे एकाच जागी दाब साचत नाही. लकवा मारलेल्या बाजूला अनेकदा टोचलेलं कळत नाही, आणि कळलं तरी सरकता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला ही गादी हवीच.

भाड्याने घेत असाल तर विशेष जपा. दुकानातच पंप लावून गादी पूर्ण फुगू द्या. मग शेजारशेजारच्या दोन रांगा दाबून बघा : एक कडक, एक मऊ. पंधरा मिनिटांनी उलट झालं पाहिजे. सगळेच फुगे कायम कडक राहिले, तर पंपातली अदलाबदल बंद पडली आहे. तुम्ही नुसता फुगा घरी नेताय. कायम तेच अर्धे फुगत असतील तर आधी नळी निसटली आहे का ते बघा.

अंथरताना ती नेहमीच्या गादीवर, फुगे वर करून टाकायची. वर एकच सुती चादर, तीही ताणून न खोचता. इथेच घोळ होतो. गोधडी, त्यावर रबरशीट, त्यावर लघवी शोषणारं अंडरपॅड असे थर चढले की फुग्यांचं काम मधेच अडतं. शिवाय पावसाळ्यात प्लॅस्टिकवर घाम साचून कातडी मऊ पडते. चादर ओलसर लागली की बदला. पलंग भिंतीला लावताना नळी दुमडत नाही ना, तेही बघा.

पंपाचं बटण ‘घट्ट’वर ठेवू नका. रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावा आणि गादीखालून, माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात घाला. हात आणि शरीर यांच्यात इंचभर हवा जाणवली तर ठीक. हाड हाताला लागलं तर हवा वाढवा. आवाजाचा त्रास होतो म्हणून रात्री पंप बंद करणं म्हणजे गादी गुंडाळून ठेवण्यासारखंच. पंप आणि पलंगाच्या लोखंडामध्ये घडी घातलेला नॅपकिन ठेवला की घरघर कमी होते. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, पण पंप फार वीज खात नाही, घरचा इन्व्हर्टर सहज पुरतो.

आता गादी काय करत नाही ते. दर 2 तासांनी कूस बदलणं तिने सुटत नाही, हे ब्युरोच्या, म्हणजे रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगा. पाठीमागे उशी देऊन शरीर साधारण 30 अंश कलतं ठेवा. पूर्ण कुशीवर खुब्याचं हाड दबतं. लकव्याच्या बाजूवर कमी वेळ ठेवा आणि तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. टाचा गादीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी द्या. राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, भरवताना डोकं 30-45 अंश वर लागतं आणि नंतरही निदान अर्धा तास. तेवढ्यात रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी खरवडते, म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी द्या.

मणक्याचं अस्थिर फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गादी घालू नये. जखम आधीच खोल असेल तर आडव्या नळ्यांची ट्यूब गादी घ्या. महाग पडते, पण आधार बरा देते.

रोज स्पंज करताना पाठ बघा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून बोटांनी गरमपणा आणि कडकपणा तपासा. अशी जागा सापडली तर स्पिरिट-पावडर लावून चोळू नका, आतलं मांस आणखी दुखावतं. त्या जागेवरचा दाब काढा आणि नर्सला दाखवा.